आहेरबाईंचं ग्राउंड

आहेरबाई स्टाफरूममध्ये शिरल्या की आम्ही पुरुष शिक्षक नकळत पोट आत घ्यायचो. त्या काही बोलायच्या नाहीत, नुसतं बघायच्या. पण जन्मभर पोरींना ‘सावधान’मध्ये उभं करून करून त्यांच्या बघण्यालाच हुकमाची धार आली होती. गंगापूर रोडवरच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या खेळ शिकवायच्या आणि मी भूगोल. म्हणजे त्या पृथ्वीवर पळायच्या आणि मी खुर्चीत बसून ती बोटाने फिरवायचो.

फिकट रंगाची सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिट्टी. ही शिट्टी त्या लग्नकार्यातही काढायच्या नाहीत. एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असतानाच मागची मंडळी उठून पंगतीकडे सरकायला लागली, तेव्हा बाईंचा हात शिट्टीकडे गेलेला मी स्वतः पाहिला आहे. शेजारी बसलेल्या खैरनार मॅडमनी तो वेळीच धरला. नाहीतर नवरानवरीसकट सगळं कार्यालय रांगेत उभं राहिलं असतं.

त्यांचं गाव सटाण्याकडचं. एरवी बोलणं शहरी, पण राग आला किंवा गहिवरून आलं की आतली अहिराणी बाहेर पडायची. लग्न केलेलं नव्हतं. का नाही केलं, हे विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती. म्हातारी आई आणि त्या, दोघी शाळेच्या मागच्या गल्लीत दोन भाड्याच्या खोल्यांत राहायच्या.

बाई कंजूष नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो. कारण पैसा साठवणारं माणूस म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर भोकं पडलेली बनियनच येते. बाई रविवारी सकाळी मिसळ खायच्या आणि तर्री दोनदा मागायच्या. मॅच असली की पोरींसाठी केळी डझनाने नाही, घडाने यायची, तीही पदरच्या पैशाने. पण पैसा साठवायच्या हेही खरं. आणि कशासाठी साठवतात ते सगळ्या शाळेला ठाऊक होतं, कारण त्यांनी ते भर स्टाफरूममध्ये जाहीर केलं होतं.

त्याचं असं झालं. आमच्या शाळेचं ग्राउंड एकेकाळी ऐसपैस होतं. पण संस्थेला दर दोन-तीन वर्षांनी काहीतरी सुचायचं, आणि जे सुचायचं ते ग्राउंडवर उभं राहायचं. आधी सायकलींची शेड आली. मग कायमचं स्टेज आलं. मग कॉम्प्युटर नावाची गोष्ट देशात आली आणि तिच्यासाठी खोल्या आल्या. खो-खोचा खांब दर वेळी उपटून पुढे सरकवायचा. शेवटी खांब आणि भिंत यांच्यात जेमतेम दोन पावलं उरली आणि एक चपळ पोरगी खांबाला वळसा घालताना भिंतीवर जाऊन आदळली. तिचा दात पडला. बाई मुख्याध्यापिकांकडे गेल्या. खो-खो काय, कुठेही खेळता येतो, असं उत्तर घेऊन परत आल्या.

त्या दिवशी त्यांनी चहाला हात लावला नाही. उभ्याउभ्याच आम्हाला म्हणाल्या, “मी माझं स्वतःचं ग्राउंड घेणार. जिथून पोरींना कुणी उठवणार नाही.”

आम्ही हसलो. सगळ्यांत मोठ्याने हसले भामरे सर. हे आमचे गणिताचे. जगात कुठे पैसा आहे हे त्यांना पक्कं माहीत असायचं, फक्त तो त्यांच्याकडे यायचा नाही. ते म्हणाले, बाई, आधी डोक्यावर छप्पर तरी घ्या. बाई म्हणाल्या, दोघींना भाड्याचं छप्पर पुरतं, पण भाड्याच्या ग्राउंडवरून कोणीही कधीही हाकलतं. मग भामरे सरांनी पतसंस्थेचं कर्ज सुचवलं. त्यावर बाईंचं उत्तर स्टाफरूममध्ये पुढे कितीतरी वर्षं फिरत राहिलं. “कर्ज काढून घेतलं तर त्यावर पतसंस्था खेळेल सर, माझ्या पोरी नाही.”

भामरे सरांनी स्वतः मात्र कर्ज काढून गंगापूर रोडलाच, पण शाळेच्या पार पुढे, प्लॉट घेतला. तेव्हा तिकडे द्राक्षाच्या बागा आणि पेरूची झाडं होती, आणि इतक्या लांब कोण राहायला जाणार, असं आम्ही एकमेकांना विचारायचो.

मग एक्क्याण्णव-ब्याण्णवचे ते शेअरचे दिवस आले. त्या वर्षी देशात सगळेच श्रीमंत होणार होते. आमच्या स्टाफरूममध्ये वर्तमानपत्राचं भावांचं पान हजेरीच्या कॅटलॉगखाली दडवलेलं असायचं आणि तासाची घंटा झाली तरी कुणी उठायचं नाही. मेन रोडला ललितभाई म्हणून एक गृहस्थ भावाच्या कापडाच्या दुकानात कोपऱ्यातलं टेबल टाकून शेअरची दलाली करायचे. त्यांच्याकडे साडी बघायला आलेल्या बायकाही जाताना एखाद्या कंपनीचा फॉर्म घेऊन जायच्या. बाईंनीही दोन कंपन्यांचे फॉर्म भरले, एक औषधं बनवणारी आणि एक चकचकीत फरशा बनवणारी. दोन्हींचे शेअर लागले. घरी टपालाने सर्टिफिकिटं आली, जाड कागदाची, नक्षीदार किनार असलेली.

आणि दिवाळी आली. बाईंच्या आईने लक्ष्मीपूजनाच्या पाटावर नवी केरसुणी ठेवली, पासबुकं ठेवली, गळ्यातली पोत ठेवली आणि ही सर्टिफिकिटंही ठेवली. मग म्हातारीने पाण्यात हळद आणि कुंकू कालवलं आणि चारही बोटं बुडवून प्रत्येक कागदावर मनोभावे उमटवली. वर ठसठशीत स्वस्तिक काढलं, नेमकं तिथे, जिथे कंपनीने नंबर छापला होता. बाई स्वयंपाकघरातून येईपर्यंत पूजा आटोपली होती. काय केलंस हे, असं विचारल्यावर म्हातारी शांतपणे म्हणाली, “लक्ष्मी शे ती. कोरी कशी ठेवू?”

पुढच्या काही महिन्यांत भाव असे चढले की बाईंच्या ग्राउंडचा विसार देण्याइतके पैसे त्या दोन कागदांत दिसायला लागले. बाई घाईघाईने ललितभाईंकडे गेल्या आणि विकायला कागद देऊन आल्या. ते मुंबईला गेले. तिकडे समोरच्या दलालाने नंबरवरचं कुंकू बघून हात जोडले आणि व्यवहार खराब ठरवून कागद परत पाठवले. ते फिरत फिरत मेन रोडला पोचेपर्यंत बाजार तोंडावर आपटला होता. आमच्या स्टाफरूममधलं भावांचं पान आता पोळ्या गुंडाळायला लागलं.

बाई आईशी बरेच दिवस बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, हातातलं ग्राउंड गेलं सर, तेही कुंकू लावून. मी समजूत काढायचा प्रयत्न केला, पण खरं सांगायचं तर मला हसू आवरत नव्हतं आणि ते त्यांना दिसत होतं.

गंमत पुढेच आहे. फरशांची कंपनी दोन-तीन वर्षांत बुडाली. तिच्या मालकाने स्वतःच्या बंगल्याला तेवढी फरशी बसवली असेल. पण औषधांची कंपनी वाढत गेली. एकाचे दोन शेअर झाले, दोनाचे चार झाले, आणि बाईंना विकताच येत नसल्याने त्या वाढू देण्यावाचून इलाज नव्हता. पुढे लोक त्यांच्या दूरदृष्टीचं कौतुक करायला लागले की त्या फटकन सांगायच्या, यात माझं कर्तृत्व शून्य, आईची चार बोटं आणि माझा नाइलाज. फरशांच्या कंपनीचा कागद त्यांनी खेळाच्या सामानाच्या कपाटावर आतून चिकटवला होता. कुणी एकाच कंपनीत सगळे पैसे घालायला निघालं की त्याला कपाट उघडून दाखवायच्या. “आईने दोघींना सारखंच कुंकू लावलं होतं. लक्ष्मी पावली एकीलाच. म्हणून एका पोरीच्या जिवावर मॅच खेळायची नसते.”

त्यानंतर त्यांनी स्वतःसाठी जो नियम लावून घेतला तो पोरींच्या सरावाचाच होता. पगार झाला की त्यातला एक हिस्सा आधी म्युच्युअल फंडात जायचा, आणि उरलेल्यात घर चालायचं. बाजार वर असो की खाली असो, महिना चुकायचा नाही. बाजार पडला की भामरे सर म्हणायचे, या महिन्यात थांबा. बाई म्हणायच्या, थंडी पडली म्हणून मी पोरींना सुट्टी देते का?

मलाही त्यांनीच या नादाला लावलं. एकदा मी मधल्या सुट्टीत डबा संपवून वर कॅन्टीनचे दोन वडे खात बसलो होतो. बाई समोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “सर, तुमचं पोट आणि तुमचं पासबुक एकाच कारणाने बिघडलंय. तुम्ही सगळं आजच खाता.” दुसऱ्या दिवशी फॉर्म आणून टेबलावर ठेवला. मी सही करेपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या, आणि शिट्टी गळ्यात होतीच.

सुरुवातीचे काही महिने मी रोज पेपरात माझ्या फंडाचा आकडा शोधायचो आणि तो चार आण्यांनी घसरला की घरी बायकोवर चिडायचो. बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी मला त्यांचं एक तत्त्व सांगितलं, जे त्या नव्या पोरींनाही सांगायच्या. “सराव सुरू केला की पहिल्या महिन्यात अंग दुखतं, दुसऱ्यात कंटाळा येतो, आणि तिसऱ्यात रोज आरशात बघावंसं वाटतं. आरसा झाकून ठेवायचा. फुगलेल्या दंडाकडे बघत बसलेली पोरगी पळत नाही.” त्या स्वतः वर्षातून एकदा, पाडव्याला, सगळे आकडे बघायच्या. बघून झाले की म्हणायच्या, ‘बरं शे’, आणि श्रीखंड वाढायला घ्यायच्या.

पाचव्या वेतन आयोगाचा फरक मिळाला तेव्हा आमच्या स्टाफरूमला पुन्हा एकदा पंख फुटले. एवढे पैसे एकरकमी कुणीच कधी पाहिले नव्हते. पैशाचा वास मुंगीला आधी लागतो की एजंटाला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. एक टायवाला तरुण सागाच्या झाडांची योजना घेऊन आला. आज एक रोप घ्या, ते तुमच्या नावावर वाढेल आणि वीस वर्षांनी तुमच्या मुलीचं लग्न लावून देईल, असं तो म्हणत होता. सोबत रंगीत चित्रं होती. भामरे सरांनी तर गंगापूर रोडचा प्लॉट विकून टाकला आणि झाडं घेतली. प्लॉटचा भाव दुप्पट झाला होता. जमीन याहून काय वाढणार, झाड मात्र रोज वाढतं, असा त्यांचा हिशेब होता. आम्ही बाकीचे पाच-सहा जण दुसऱ्या दिवशी चेक देणार होतो.

बाईंनी एजंटाला एकच विचारलं, झाडं बघायला मिळतील का? तो नाही म्हणू शकला नाही. रविवारी आम्ही जीप करून पेठ रोडने डोंगरात गेलो. सहलच ती, दशम्या होत्या, चटणी होती. तिथे उतारावर गुडघ्याएवढी रोपं होती, काही वाळलेली, काही शेळ्यांनी खाल्लेली. फक्त रस्त्याकडेला दहा-बारा दणकट झाडांची एक ओळ होती. एजंटाने भामरे सरांना त्यातलं सगळ्यांत जाड झाड दाखवलं. सरांनी त्याला मिठी मारली. मग स्वतःच्या नावाची रंगवलेली पत्र्याची पाटी पिशवीतून काढली आणि तारेने बांधायला खोडाच्या मागे गेले. तिथे आधीच पाट्या होत्या, एकीखाली एक. कुणी मालेगावचे डॉक्टर होते, कुणी नाशिकरोडच्या बाई होत्या, आणि त्याखालची पाटी इतकी गंजली होती की नाव वाचता येत नव्हतं.

तिथला राखणदार बिचारा सरळ माणूस. म्हणाला, “पाव्हणे आले का हीच दाखवितो. बाकीची अजून बारीक हायेत.”

एजंट खाली बघत होता. भामरे सर पाटी हातात घेऊन उभे होते. मला वाटलं, आता बाई सरांना धारेवर धरणार. पण बाईंनी फक्त शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना जीपमध्ये बसवलं. परतताना एका टपरीवर थांबून भामरे सरांना स्वतःच्या पैशाने भजी खाऊ घातली, आणि ‘मी म्हटलं होतं’ हे वाक्य ना त्या दिवशी म्हणाल्या ना पुढे कधी. मला बाईंचा सगळ्यांत जास्त आदर वाटला असेल तर तो त्या भज्यांच्या टपरीवर. पुढे सरांच्या त्या प्लॉटवर सात मजली इमारत झाली. शाळेत येताना सर उलट्या बाजूने वळसा घालून यायला लागले. आम्हीही कधी कारण विचारलं नाही.

पण जमिनीच्या बाबतीत भामरे सरांचा पहिला अंदाज बरोबर होता, आणि हे बाईंना कळत होतं. त्यांचे पैसे वाढत होते, पण गंगापूर रोड त्याहून जोरात धावत होता. त्यात आईचं दुखणं सुरू झालं. दोन वर्षं दवाखाना, औषधं, रात्रंदिवस सेवेला माणूस ठेवणं. फंडातला मोठा हिस्सा त्यात गेला. तरी पगारातला हप्ता त्यांनी चुकवला नाही. म्हातारी गेली त्या महिन्यातसुद्धा नाही.

आई गेल्यावर वर्षभराने त्या औषध कंपनीच्या शेअरचा प्रश्न निघाला. आता कागद चालणार नव्हते, सगळे शेअर डिमॅट खात्यात टाकायचे होते, आणि मूळ कागद कंपनीला परत द्यायचा होता. कंपनीला पत्र गेलं, सह्या जुळल्या, कुंकवाखालच्या नंबराची खातरजमाही झाली. सगळं सुरळीत झालं. फक्त कागद पाकिटात घालायच्या दिवशी बाई मला म्हणाल्या, सर, जरा कॉलेज रोडला चला. तिथे रंगीत झेरॉक्सचं नवं दुकान निघालं होतं. दुकानदाराने प्रत काढून दिली. बाईंनी ती उजेडात धरून पाहिली. “कुंकू भगवं आलं,” त्या म्हणाल्या. मग मूळ कागदावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “मन्ही मायनी बोटं शेत ती.” माझे डोळे भरून आले. मी दुकानदाराशी उगाच पैशावरून घासाघीस करायला लागलो.

निवृत्तीला तीनएक वर्षं उरली तेव्हा बाजार पुन्हा उधळला होता. शिपायापासून संस्थाचालकांपर्यंत सगळे शेअरबद्दल बोलत होते. आणि नेमक्या त्या वेळी बाई दर महिन्याला थोडे थोडे पैसे काढून बँकेत मुदत ठेवीत टाकायला लागल्या. आम्हाला वाटलं, वयाबरोबर धीर सुटला. भामरे सर, जे आता पुन्हा शेअरमध्ये उतरले होते, कळवळून म्हणाले, अहो बाई, घोडा जिंकायला आलाय आणि तुम्ही उतरताय?

“मला घोडा नकोय सर, ग्राउंड हवंय.”

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. मॅचच्या आदल्या आठवड्यात त्या पोरींकडून जीव तोडून सराव करून घेत नसत. वर्षाच्या सुरुवातीला पाय मुरगळला तर बरा व्हायला वेळ असतो, आदल्या दिवशी मुरगळला तर काय करणार? त्यांना पैसे निवृत्तीला लागणार होते. तेव्हा जर बाजार पडलेला असला तर तो वर यायची वाट बघायला त्यांच्याकडे वर्षं उरली नव्हती. आम्ही मान डोलावली आणि भाव बघायला निघून गेलो.

बाई निवृत्त झाल्या त्याच वर्षी बाजार कोसळला. स्टाफरूममध्ये सुतक पडलं. माझेही पैसे निम्म्यावर आले होते. मी धावत बाईंकडे गेलो. त्यांनी मला चहा दिला आणि विचारलं, हे पैसे तुम्हाला कधी लागणार आहेत? मी म्हटलं, धाकटीच्या शिक्षणाला, अजून बरीच वर्षं आहेत. मग घरी जा आणि आरसा झाका, असं म्हणून त्यांनी मला परत पाठवलं. मी झाकला. धाकटी पुढे इंजिनिअर झाली, त्यात त्या चहाचा वाटा आहे.

बाईंची गंगाजळी सुखरूप होती. पण तेवढ्या पैशात आता गंगापूर रोडला खो-खोचा खांबसुद्धा रोवता आला नसता. मग आमचे रविवार सुरू झाले. बाई माझ्या स्कूटरच्या मागे बसायच्या आणि आम्ही जमीन बघायला निघायचो. मखमलाबाद झालं, आडगाव झालं, दर रविवारी ग्राउंड शहरापासून थोडं लांब जायचं. एका संध्याकाळी निफाडच्या पुढे आम्ही उसाच्या रसाला थांबलो होतो. बाई ग्लास हातात घेऊन म्हणाल्या, “चुकलं का सर माझं? तेव्हाच कर्ज काढून घ्यायला हवं होतं का?”

बाईंनी शंका घेतलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. मग त्यांनीच स्वतःला उत्तर दिलं. घेतलं असतं तर आईच्या आजारपणात विकावं लागलं असतं, आणि मग ना ग्राउंड राहिलं असतं ना आई. पण त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. त्या दिवशी मला त्यांची फार काळजी वाटली.

शेवटी जागा मिळाली ती विंचूरला, गावाला लागून. सोनवणे शेठ नावाच्या कांदा व्यापाऱ्याचं खळं होतं ते, म्हणजे कांदा उतरवून निवडायची सपाट, ठोकून घट्ट केलेली मोकळी जागा. शेठनी दुसरीकडे मोठं खळं केलं होतं आणि हे विकायला काढलं होतं. सगळीकडे कांद्याचा पाचोळा उडत होता आणि वासाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बाई पावलं टाकत लांबी-रुंदी मोजत फिरल्या, परत आल्या आणि म्हणाल्या, लहानपणी गावात आम्ही पोरी खळ्यावरच खेळायचो. तेवढीच एक सपाट जागा असायची. पीक आलं की चुलते हाकलून द्यायचे, खळं काय पोरींनी नाचायला केलंय का म्हणून. एवढं बोलून त्या शेठकडे वळल्या आणि भाव करायला लागल्या. मी त्यांना तिथेच सौदा पक्का करताना पाहिलं. त्यांच्या गळ्यातली शिट्टी श्वासाबरोबर वरखाली होत होती.

बाई विंचूरलाच खोली घेऊन राहिल्या. मला जायला वर्ष उलटलं. ती आमची शेवटची भेट. त्यानंतरच्या हिवाळ्यात झोपेतच गेल्या, आणि मला ते फोनवर कळलं तेव्हा मी वर्गात होतो. पण मला आठवते ती उन्हाळ्यातली सकाळ.

मी एसटीने उतरून गेलो तेव्हा जागा ओळखू येईना. पाणी मारून, रोलर फिरवून जमीन गुळगुळीत केलेली, दोन्ही टोकांना तासून रंगवलेले खांब. गावातल्या वीस-पंचवीस पोरी कडेला बसून बुटांच्या नाड्या बांधत होत्या. आणि सोनवणे शेठ बाईंसमोर उभे होते. मागे रस्त्यावर त्यांचा ट्रॅक्टर होता, कांद्याने भरलेला. उन्हाळ कांद्याची आवक दणक्यात सुरू झाली होती आणि त्यांना नवं खळं पुरत नव्हतं.

“बाई, दोन महिन्यांचा तर प्रश्न हाय,” शेठ म्हणत होते. “भाडं म्हणाल ते देतो. पोरींना काय, शाळेला बी सुट्ट्याच हायेत. जागा नुसती पडून राहण्यात काय फायदा हाय? तुमच्यासारख्या हिशेबी बाईला मी सांगायला पायजे का?”

शेठनी सांगितलेलं भाडं ऐकून मी चाट पडलो. मी बाईंना बाजूला घेतलं. म्हटलं, खरंच विचार करा. जागेतून दरवर्षी उत्पन्न येईल, ते फंडात टाका, दहा वर्षांत शेजारची जागाही घेता येईल. हे सगळं मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो आणि मला वाटलं, बाईंना आपला अभिमान वाटेल.

बाईंनी माझं पूर्ण ऐकून घेतलं. मग शेठकडे वळून म्हणाल्या, “शेठ, आजवर मी भाड्याच्या खोलीत बसले आणि पैशाला पळवलं. आता पैसा बसेल. पोरी पळतील.”

शेठ मान हलवत ट्रॅक्टरकडे गेले आणि ड्रायव्हरला वळवायला सांगितलं. मी मात्र अजून डोक्यात भाड्याचा हिशेब करत तिथेच उभा होतो. बाईंनी फक्कीचा डबा उचलला होता आणि त्या वाकून, मागे मागे सरकत, भुरभुर पांढरी रेष ओढत चालल्या होत्या. कंबर दुखत असावी, मधेच हात टेकून थांबायच्या. रेष माझ्यापर्यंत आली आणि थांबली. बाईंनी मान वर केली, माझ्या बुटांकडे पाहिलं आणि शिट्टी तोंडात घालून फुंकली. ती ऐकताच सगळ्या पोरी ताडकन उभ्या राहिल्या.

“सर,” बाई म्हणाल्या, “बाजूला व्हा. पोरींना खेळायचं आहे.”

त्या ग्राउंडवरून आजवर उठवला गेलेला मी एकटाच माणूस असेन. मी पोट आत घेतलं आणि कडेला जाऊन उभा राहिलो.